दर्शनाताईची टिंबं

आधी नाव सांगते, मग बाकीचं. नाव दर्शनाताई. कल्याणजवळच्या गावठाणातली. तिचे आजोबा भातशेती करायचे, आता त्या जमिनीवर बिल्डिंगी आहेत. माझ्या हातात पहिल्यांदा व्हायोलिन दिलं ते तिने. हनुवटी कुठे टेकवायची, बो, म्हणजे गज, किती हलका धरायचा, हात थरथरायला लागला की श्वास कधी सोडायचा — सगळं तिनेच शिकवलं. मी आज जे काही आहे, म्हणजे फार काही नाही, पण जे आहे ते तिच्यामुळे. हे आधी लिहून ठेवते. कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, हिला जाणीवच नसेल. होती. तेव्हाही होती.

आता बाकीचं. चौदा वर्षं झाली, यातला एक शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडलेला नाही. नवऱ्याजवळ नाही, मावशी होती तोवर तिच्याजवळ नाही, आईजवळ फोनवर तर नाहीच. तुमच्याजवळ का काढतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसणं जमेना म्हणून. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मी मधलं गाळून टाकेन. मला मी माहीत आहे.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. सुटली कसली, मीच सोडली — गणिताचा पेपर कोरा दिला आणि परत त्या वर्गात पाय ठेवायची हिंमत झाली नाही. आईने मावशीकडे कल्याणजवळ मोहन्याला पाठवलं. मावसा तिथल्या कारखान्यात होता, तो बंद पडला तेव्हा वॉचमन झाला. दीड खोली, चार माणसं, पाचवी मी. मावशीने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण मला रोज सकाळी वाटायचं, आज म्हणेल, बाई, आता जा घरी. आजही कुणाच्या घरी दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी तसंच वाटतं.

सतरा वर्षांची असताना कल्याणात एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. दुकानवाल्या काकांनी पहिल्या दिवसापासून मला एकच गोष्ट शिकवली — स्वच्छ कॉपी. काच पुसायची. कागद सरळ लावायचा. ओरिजिनलवर शाईचा ठिपका, माशीची घाण, काही काळं दिसलं की त्यावर व्हाइटनर लावायचा, मग कॉपी काढायची. एकदा एका माणसाने जातीच्या दाखल्याची कॉपी माझ्या अंगावर फेकली होती, फोटोच्या गालावर ठिपका आला म्हणून. तेव्हापासून मी ठिपक्यांच्या मागेच लागले. हे का सांगतेय ते कळेल.

ताई दर गुरुवारी दुकानात यायची. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांचा वाद्यवृंद भरायचा — व्हायोलिनं, चार चेलो, दोन बासऱ्या, एक मोठा ढोल. वाद्यं एका संस्थेची, मुलांना वापरायला द्यायचे, फी ज्याला जमेल तशी. दामले सर तो चालवायचे. ठाण्यात कोपरीला राहायचे, नोकरीतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. सर स्वतः धुना बसवायचे, आणि ताई त्या प्रत्येक वाद्यासाठी वेगळ्या पानावर उतरवून काढायची. काळ्या शाईने, पाच रेघांवर, रांगोळी काढल्यासारखं. मग झेरॉक्स. संगीताची ती पानं काका स्वतः काढायचे, माझ्याकडे स्पायरल बाइंडिंग, मशीनचा दांडा दाबून भोकं पाडायची.

एकदा ती काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिली.

"तू ताल धरतेस का गं त्या दांड्यावर?"

"नाही. मशीनच तशी आहे."

"बरं. मग मशीनला सांग, रविवारी आठला हॉलवर ये. मागच्या गेटने. पुढचं बंद असतं."

अशी मी गेले. मावशीला सांगितलं तर ती तवा तसाच ठेवून वळली. "ऑर्केस्ट्रा? कामून? गनपतीत नाचायचं काम हाय ते."

"नाही गं, बसून वाजवायचं असतं."

"मंग बसूनच वाजव. उभी ऱ्हायलीस तं मला कळंल."

काय दिवस होते ते. आजही कुठल्या शाळेच्या हॉलमधून जुन्या लाकडी बाकांचा वास आला की मी थांबते. पन्नास मुलं एकदम वाद्यं जुळवायला लागली की जो कल्लोळ व्हायचा — बाहेरच्याला वाटेल भांडण चाललंय — आणि सरांनी हात वर केला की एकदम शांतता. त्या शांततेत मी कुणाची भाची नव्हते, नववी नापास नव्हते. मागच्या रांगेतली, खिडकीकडची होते. माझी एक जागा होती. सुट्टीत ताई डब्यातून तांदळाच्या भाकरीचे तुकडे आणि सुकटीची चटणी द्यायची. शेजारची मुलं नाक दाबायची. ताई म्हणायची, "दाबा दाबा, एक नाकपुडी उघडी ठेवा, पुढची धून फुंकायची हाय."

पण एक लपवलेलं होतं. मला ती पानं वाचता येत नव्हती. पहिले दोन रविवार सरांनी पाच रेघा शिकवल्या तेव्हा मी आलेच नव्हते, आणि नंतर विचारायची लाज वाटली. बाकीची मुलं शिकल्या घरातली, इंग्रजी शाळेतली. त्यांच्यासमोर मी आणखी एक गोष्ट येत नाही म्हणून हात वर करायचा? मी ऐकून वाजवायचे आणि डोळे पानावरून डावीकडून उजवीकडे फिरवायचे. पान उलटायची वेळ शेजारच्या मुलीवरून ओळखायचे. हे फक्त ताईच्या लक्षात आलं. ती बोलली नाही. नवीन धून आली की रविवारी अर्धा तास लवकर बोलवायची आणि गाऊन दाखवायची. एवढंच. मला काय येत नाही हे माहीत असून एखादं माणूस त्याचा आवाज करत नाही — असं तुमच्या वाट्याला आलंय कधी? माझ्या आलंय. आणि तरी.

त्या वर्षी दोन गोष्टी ठरल्या होत्या. ठाण्याला आमचा पहिला मोठा कार्यक्रम होणार होता, त्यासाठी पुढची रांग निवडायची होती. आणि मोहन्याला लहान मुलांसाठी संस्थेचा वर्ग निघणार होता, त्याची शिक्षिका दर्शनाताई. सरांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलेलं. ताईच्या वडिलांचा मोहन्यात एक गाळा होता, हार्डवेअरवाला मागत होता. तिने महिनाभर घरात अबोला धरून तो वर्गासाठी मिळवला. भिंतीला पिवळा रंग स्वतः लावला. मला दाखवायला नेलं तेव्हा तिच्या केसांत रंग होता. "बावीस वर्षांत पहिल्यांदा बाबांनी माझं ऐकलं," म्हणाली.

निवडीसाठी सरांनी नवी धून बसवली होती. ती ताईच्याच घरची — त्यांच्याकडे हळदीला बायका गातात ते गाणं, तिने सरांना गाऊन दाखवलेलं. त्या गाण्याची सगळी गंमत त्याच्या लचकेत होती. एक सूर जरा जास्त थांबतो, पुढचा घाईने पळतो. डोक्यावर हंडा घेऊन चालल्यासारखं. ती ते सारखं गुणगुणायची, त्यामुळे मला पाठ होतं. पण हेच निवडीला येणार, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पान आधी कुणी बघायचं नाही, कॉप्या पाकिटात बंद करून थेट सरांच्या हातात, असा सरांचा नियम होता.

त्या गुरुवारी काका दुकानात नव्हते. ताई घाईत आली, पान ठेवलं, "पन्नास काढ, पाकीट चिकटव, संध्याकाळी नेते." मी पान काचेवर ठेवायच्या आधी निरखलं. आणि मला ते घाण दिसलं. पानभर, काळ्या गोलांच्या शेजारी, बारीक बारीक ठिपके. पेनातून शाई उडाली असणार. ताईचं पान, आणि असं? आधीच्या कुठल्याच पानावर असं पाहिलं नव्हतं. मी व्हाइटनरची बाटली घेतली. एकेक ठिपका, रेघ न बिघडवता, जीव लावून. अर्धा तास लागला. खूश झाले स्वतःवर. पन्नास कॉप्या काढल्या, पाकीट चिकटवलं. संध्याकाळी ताई पाकीट घेऊन गेली. ओरिजिनल पान मशीनच्या झाकणाखालीच राहिलं. ते मला रात्री कुलूप लावताना दिसलं, मी ते फायलीत ठेवून दिलं.

इथपर्यंत माझी चूक आहे, गुन्हा नाही. अडाणीपणा म्हणा. इथे थांबले असते तर आज लिहायला काही नसतं.

रविवारी एकेकाला आत बोलावलं. मी सहावी होते. दाराबाहेर उभी राहून ऐकत होते, आणि दुसरा मुलगा वाजवायला लागला तेव्हा ओळखलं — हे तर ताईचं हळदीचं! पण सगळे किती सपाट वाजवत होते. लचकच नाही, कवायतीसारखं एक-दोन-एक-दोन. मला वाटलं, यांनी कधी ऐकलंच नसेल, बिचारे. मी आत गेले, पानावर डोळे लावले आणि ताई गायची तसं वाजवलं.

सर खुर्चीवरून उठले. चष्मा काढला.

"पुन्हा वाजव."

पुन्हा वाजवलं.

"हे तुला कसं कळलं? कागदावर तर तसं नाही."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? ताईकडून ऐकलंय सर, मला वाचता येत नाही सर. आठ-दहा शब्द. मी म्हणाले, "असंच वाटलं सर."

सरांनी सगळ्यांना आत बोलावलं. पालक पण आले. सरांनी फळ्यावर एक सूर काढला आणि त्याच्या शेजारी खडूने टिंब दिलं. "हे टिंब असलं की सूर दीडपट थांबतो. या गाण्याचा प्राण या टिंबांत आहे. माझ्या वहीत ती आहेत, तुमच्या पानावर एकही नाही. पाच जणांनी छापलं तेच वाजवलं, त्यांचा दोष नाही. या मुलीने न लिहिलेलं ओळखलं. याला म्हणतात संगीत वाचणं."

मी फळ्याकडे बघत होते. खडूचं ते टिंब. गोलाच्या शेजारी, बारीक. मला कळलं — तिथेच, त्याच क्षणी, टाळ्या चालू असताना कळलं — ती शाई नव्हती.

"दर्शना," सर म्हणाले, "टिंबं कुठे गेली?"

"मी दिलेली सर. सगळी दिलेली."

"मग खाल्ली कुणी?"

मुलं हसली. मागून एका मुलाची आई हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली, "अहो, यांच्या घरात लिहायची सवय कुठली. हे लोक आता कुठे शिकतायत." ताईने मान वळवली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं मी ऐकून वाजवलं. ती एक वाक्य बोलली असती — सर, हिला मी गाऊन दाखवलंय, हिला वाचता येत नाही — तर सगळ्यांचं लक्ष माझ्यावर वळलं असतं. ती बोलली नाही. स्वतः तिथे उभी राहून सगळं ऐकून घेत असताना तिने माझं झाकून ठेवलं. आणि मी, जिच्याजवळ तिला सोडवणारं वाक्य होतं, ती मी पण बोलले नाही. दोघी गप्प. पण दोन्ही गप्प बसणं सारखं आहे का?

सर म्हणाले, "ओरिजिनल आणून दाखव. मला खात्री करायची आहे."

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ताई शटरपाशी उभी होती. "रेणू, माझं पान राहिलंय का गं इथे?"

फाईल काउंटरच्या खालच्या फळीवर होती. माझ्या गुडघ्यापासून एक वीत. मी म्हणाले, "नाही ताई. तू गुरुवारीच नेलंस ना, पाकिटाबरोबर."

तिने पर्स उलटी केली. रुमाल, कंगवा, गजाला लावायच्या रोझिनचा डबा. मग सगळं एकेक करून परत आत भरलं. म्हणाली, "नेलं असेल. माझं डोकं हल्ली कुठे असतं कुणास ठाऊक." आणि जाताजाता वळून, "तू छान वाजवलंस हां काल. माझ्या आजीसारखं."

मला कबूल करायचा गुन्हा तो हाच. व्हाइटनर नव्हे. हे.

मला भीती वाटली, हे खरं आहे. काका काढून टाकतील, सर व्हायोलिन काढून घेतील, मावशी म्हणेल जा घरी. पण भीती ताईलाही असेलच की. तिने मला झाकलं. भीती हे कारण नसतं, एवढं मला त्या दोन दिवसांत समजायला हवं होतं.

ती गेल्यावर मी पान काढलं आणि नखाने व्हाइटनर खरवडला. खाली टिंबं होती. एकोणतीस. प्रत्येक नीट, गोल, आपल्या जागी. मग मी ते पान कटरवर ठेवलं आणि दुकानात कच्च्या कागदांच्या चिठ्ठ्या करतो तशा त्याच्या आठ चिठ्ठ्या केल्या, कोरी बाजू वर. आठवडाभर गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्यांवर लिहिले गेले.

मोहन्याचा वर्ग ताईला मिळाला नाही. सर वाईट माणूस नव्हते, तिला बाजूला घेऊन बोलले. लहान मुलांचा पाया असतो, तिथे नजर पक्की लागते, आपण पुढच्या वर्षी बघू. गाळा वडिलांनी हार्डवेअरवाल्याला दिला, वर्ग एका बालवाडीच्या खोलीत भरला. पानं उतरवायचं काम तिने स्वतःहून सोडलं. त्याआधीचे थोडे दिवस मी बघितले — एक ओळ लिहायची, बोट ठेवून तपासायची, पुन्हा तपासायची, पुन्हा पहिल्यापासून. जिचा हात रांगोळीसारखा चालायचा तिला स्वतःचे डोळे खोटे वाटायला लागले होते. ते मी केलं.

आणि तिने काय केलं? मला वाचायला शिकवलं. "आता पुढे बसायचंय तुला, रोज कान पुरणार नाय." दोन महिने, शनिवारी संध्याकाळी. टिंबाच्या धड्याला तिने पेन माझ्या हातात दिलं. "तूच दे. मी विसरते." मी टिंब दिलं. तोंड उघडलं पण होतं. मिटलं.

ठाण्याच्या कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसले. ताई प्रेक्षकांत होती. वर्ष संपायच्या आत तिने संस्थेचं व्हायोलिन परत केलं, पुढे लग्न होऊन ठाण्यात माजिवड्याला गेली, एका ऑफिसात लागली. सहा वर्षांनी मोहन्याच्या वर्गाची बाई सोडून गेली तेव्हा सरांनी ती जागा मला दिली. मी घेतली. आजही तो वर्ग मीच घेते.

गेल्या महिन्यात आम्ही रविवारच्या वाद्यवृंदासाठी ठाण्याला नवीन प्रवेश घेत होतो. रांगेत ताई उभी. केसांत थोडं पांढरं, हसणं तेच. बरोबर आठ वर्षांची मुलगी, ओवी. मला बघून तिने रांगेतूनच हाक मारली. टेबलाशी आल्यावर मुलीला म्हणाली, "ही रेणूमावशी. हिचा कान बघ, कागदावर नसलेलं ऐकू येतं हिला." मग फॉर्म भरायला बसली. स्वतःच्याच मुलीचं नाव लिहून, बोट ठेवून, तीनदा वाचलं. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि हसली. "कान माझ्या आजीचा हाय हिचा. पण लक्ष माझ्यावर गेलं असलं तर जरा बघ. टिंबं खायची नायतर."

ओवी खिदळली. तिला ती गोष्ट माहीत होती. घरात सगळ्यांना माहीत असणार — आईने टिंबं खाल्ली ती गोष्ट, जेवताना सांगायची, हसायची. चौदा वर्षं ती स्वतःवरचा हा विनोद सांगत आली आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मी फॉर्मवर शिक्का मारला. "बघते हां ताई," म्हणाले. तेव्हाही एवढंच म्हणाले.

आता ओवी दर रविवारी हॉलवर माझ्यासमोर बसते. परवा तिने एक सूर पुरा थांबवला नाही आणि लगेच स्वतःच म्हणाली, "मी आईसारखी आहे." मी टिंबावर बोट ठेवलं आणि म्हणाले, पुन्हा वाजव.

माफीचं मी काही लिहीत नाही. ती मागायची माझी तयारी आहे म्हणून ती देण्याचं ओझं ताईवर का टाकायचं?

दामले सर कोपरीलाच असतात, आता डोळ्यांनी कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. आधी त्यांच्याकडे जाईन. त्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगायला त्यांना हॉलवर घेऊन येईन. ओवी असेल, जुनी मुलं बोलवता येतील तेवढी बोलवेन, त्या पालकबाई असल्या तर त्याही. मग मोहन्याच्या वर्गाची किल्ली ताईच्या हातात देईन. तिने घेतली तर मी सतरंजी घालायला येईन. नाही घेतली तर दारावर तिचं नाव लावून वर्ग चालवेन, आणि कुणी विचारलं हे नाव कुणाचं, तर सगळं सांगेन, दर वेळी. दिवस आज लिहीत नाही. दिवस लिहिला की मी तो पुढे ढकलते. पण सर आहेत तोवर, आणि ओवीने ते वाक्य आणखी फार वेळा म्हणायच्या आत.

दर्शनाताई, तुझं मी फेडीन.